सकाळच्या गप्पांतली पाहुणी

गोंदियातल्या एका केबल वाहिनीवर मी बरीच वर्षं सकाळचा गप्पांचा कार्यक्रम करते आहे. वाहिनी हा शब्द तसा मोठाच झाला. बाजारात मालकांचं पंखे-कूलरचं दुकान आहे, त्याच्यावर एक हॉल. खिडक्या थर्माकोलनं बुजवलेल्या, मागं उगवत्या सूर्याचं फ्लेक्स, पुढं दोन खुर्च्या आणि एक काचेचं टेबल. उन्हाळ्यात कूलरचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून तो बंद ठेवावा लागतो. खाली दुकानात पन्नास कूलर आणि वर आम्ही घामानं निथळत 'उन्हाळ्यात घ्यायची काळजी' या विषयावर बोलतोय, असं कित्येकदा झालं आहे.

मी सौंदडची. कॉलेजसाठी रोज गाडीनं गोंदियाला यायचे. वाहिनीच्या मालकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचायला मुलगी हवी होती, मराठी आणि हिंदी दोन्ही वाचणारी. मैत्रिणीनं माझं नाव सांगितलं. सुरुवातीला मी फक्त आवाज होते. पडद्यावर केक कापणाऱ्या लेकरांचे फोटो सरकत राहायचे. मग सकाळचा कार्यक्रम करणारी ताई लग्न होऊन रायपूरला गेली आणि मालक म्हणाले, "कल से आप बैठो. कुछ भी बोलो, बस स्क्रीन चुप नहीं रहनी चाहिए."

माझे पहिले पाहुणे लहान मुलांचे डॉक्टर होते. मी रात्रभर पाठ केलेले सगळे प्रश्न विचारले आणि त्यांनी प्रत्येकाला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर दिलं. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, आणि माझे प्रश्न पहिल्या जाहिरातीच्या आधीच संपले. पुढचा वेळ मी त्यांच्या सदऱ्याच्या रंगावर बोलले असेन, आता आठवतही नाही.

हळूहळू शिकले. पाहुण्याला जिन्यातच गाठायचं, गावाचं विचारायचं, घरचं विचारायचं. पण जो खरा प्रश्न आहे तो दिवे लागेपर्यंत पोटातच ठेवायचा. एकदा दिलेलं उत्तर माणूस दुसऱ्यांदा देतो तेव्हा ते शिळं झालेलं असतं. सडक अर्जुनीचे एक ढाबेवाले आले होते. जिन्यात त्यांनी मला पहिल्या ग्राहकाची अशी गोष्ट सांगितली की मी हसून भिंतीला टेकले. कॅमेऱ्यासमोर तीच गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत उरकली. तेव्हापासून मी जिन्यात फक्त हवापाण्याचं बोलते.

घरी आईला माझं काम पटलं होतं, आवाज मात्र पटला नव्हता. एका सुट्टीत म्हणाली, "टीवीवर तू काऊन अशी बोलून राहते व? कोणाची पोरगी होय, समजतच नाही." मी म्हटलं, "तसंच बोलावं लागते." ती म्हणाली, "कोण म्हणते?" फोन करणारे निम्मे हिंदीत बोलायचे, उरलेले आमच्या झाडीबोलीत, आणि मी एकटीच वर्तमानपत्रासारखी.

त्या सकाळी थंडी होती. पाहुणा म्हणून दंडारीतले, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातले, एक कलावंत यायचे होते. त्यांची गाडी वाटेत बंद पडली आणि त्यांचा फोन आला तेव्हा कार्यक्रमाला फार वेळ उरला नव्हता. मालक जिन्यात येरझाऱ्या घालत असतानाच स्टेशनबाहेरचा चहावाला एका म्हातारीला घेऊन वर आला. पहाटेपासून ती फलाटावर बसून होती, म्हणाला. कोणालातरी काहीतरी विचारत होती, पण तिची बोली कोणाला कळत नव्हती. "टीवी में दिखा दो भैया, घरवाले आ जाएंगे."

मालकांचा चेहरा उजळला. "गेस्ट मिल गया."

आजी लहानखुरी होती. गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातावर गोंदलेलं, खांद्याला कापडाचं बोचकं, आणि काखेत पाय बांधलेली एक तांबडी कोंबडी. मी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, आमच्या बोलीत विचारलं. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, पण ते हो होतं की नाही, कळत नव्हतं. एवढंच समजलं की बोली गोंडी आहे. मला गोंडीतला 'जोहार' तेवढा येत होता. तो केला. तिनंही जोहार केला आणि खुर्चीत मांडी घालून बसली.

दिवे लागले. मी सांगितलं की या आजी स्टेशनवर एकट्या बसल्या होत्या, कोणी ओळखत असेल तर फोन करावा. तेवढ्यात आजीचं लक्ष बाजूच्या पडद्याकडे गेलं. त्यात ती स्वतःच बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पुन्हा बघितलं, आणि मग कोंबडी उचलून पडद्यातल्या म्हातारीला दाखवली. तिलाच हसू आलं. मलाही.

पहिला फोन आला: दादीला लगेच पोलिसांकडे द्या. दुसरा: ही बालाघाटकडची असणार. तिसरा गावात आरोग्यसेवेचं काम करणाऱ्या एका आशाताईचा होता, सालेकशाच्या बाजूच्या. "ताई, मी गोंडीत बोलून पाहतो." आमच्याकडे बायकाही 'बोलतो'च म्हणतात. मी फोनचा आवाज मोठा करून तो आजीसमोर ठेवला.

आशाताईंचा पहिला शब्द कानावर पडला आणि आजी एकदम सुटली. इतका वेळ गप्प असलेली बाई हातवारे करून, मध्येच कोंबडीला दटावत, भरभर बोलायला लागली. फोनमधून हुंकार येत होते. मला त्यातलं 'दरेकसा' हे गावाचं नाव तेवढं कळलं. कॅमेऱ्यामागून मालक खुणा करत होते: पूछो, पूछो. मी हातानं थांबा म्हटलं.

मग आजीचा आवाज खाली गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी थोडंसंच बोलली.

"ताई, काय म्हणतात आजी?" मी विचारलं.

"आजी म्हणते, मी हरपली नाही. आपल्या कामानं आली आहे." आशाताई म्हणाल्या. "अन् म्हणते, कोंबडीले पाणी पायजे."

"कोणत्या कामानं आल्या?"

"ते टीवीवर सांगाचं नाही म्हणते."

माझ्या धंद्यात याच्यापुढचा प्रश्न तयारच असतो. काहीतरी लपलेलं आहे म्हटलं की बघणारा चहाचा कप खाली ठेवतो. माझ्याही जिभेवर तो प्रश्न आला होता. पण आजी माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिच्या अंगणात न विचारता शिरले होते आणि आता उंबऱ्याशी थांबते की आत येते, हे तिला पाहायचं होतं.

"मंग राहू द्या," मी म्हटलं. "आधी कोंबडीले पाणी देऊ."

हे मी आमच्या बोलीत म्हटलं, हे मला नंतर आईनं सांगितलं. कॅमेरामननं बशीत पाणी आणलं. टेबलावर कोंबडी पाणी पिते आहे आणि मी आशाताईंशी थंडीबद्दल, धानाच्या कापणीबद्दल बोलते आहे, असा तो कार्यक्रम संपला. आजी अधूनमधून पडद्यातल्या आजीकडे बघून घेत होती.

दिवे बंद झाल्यावर मी आशाताईंना परत फोन लावला. त्यांनी आजीला विचारलं, माझ्यापुरतं सांगू का, आणि आजी हो म्हणाली. आजीच्या मुलीनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं होतं. बापानं तेव्हापासून तिचं नाव घरात काढू दिलं नाही. पावसाळ्यात बाप गेला. आजीनं त्याचं सगळं विधिवत केलं, धान कापून घरात येऊ दिलं, मग घरच्या कोंबड्यांतली चांगलीशी निवडली आणि गाडीत बसली. लेक गोंदियाला धानाच्या राइस मिलमध्ये काम करते, एवढंच तिला माहीत होतं.

"आजीले वाटे गोंदियात एकच मिल असन," आशाताई म्हणाल्या.

आमच्या गावात जिकडे बघाल तिकडे राइस मिलच आहेत. मालकांनी कपाळाला हात लावला. पण ते मुळात व्यापारी माणूस, गावभर ओळखी. खाली दुकानात बसून एकेका मिलवाल्याला फोन लावायला लागले. मी आजीला आलूपोहे दिले. तिनं निम्मे खाल्ले, निम्मे कोंबडीला घातले.

लेकीचा शोध फोनवर लागलाच नाही. तिच्या शेजारणीनं घरी टीव्हीवर दरेकशाचं नाव ऐकलं होतं आणि ती धावत मिलवर गेली होती. दुपारच्या आधी जिन्यात पावलं वाजली. दारात एक बाई उभी राहिली; केसांवर, भुवयांवर कोंड्याची पांढरी भुकटी, धापा टाकत. आजीनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आजी काहीतरी बोलली. लेक पुढं आली आणि तिनं आईच्या हातातून आधी कोंबडी घेतली, मग बोचकं, मग आईचा हात.

कॅमेरामननं कॅमेऱ्याला हात घातला होता. मी मालकांकडे बघितलं. त्यांना ते चित्र हवं होतं, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण ते कॅमेरामनला म्हणाले, "रहने दे. नीचे से समोसे ले आ."

जिना उतरताना मी लेकीला विचारलं, आई काय म्हणाली?

"म्हणे, एवढी काऊन वाळली तू." आणि मग ती रडली, पायरीवर बसून, कोंबडी मांडीवर घेऊन. आजी तिच्या केसांतला कोंडा झटकत उभी राहिली.

आजी लेकीकडे राहून परत गेली. लेक आता धान रोवण्याच्या दिवसांत दरेकशाला जाते, नवऱ्याला घेऊन. हे तिनंच एकदा बाजारात भेटली तेव्हा सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

कोंबडीच्या पाण्याचा तुकडा मात्र मोबाइलवरून फिरत फिरत नागपूरच्या एका मोठ्या वाहिनीपर्यंत पोहोचला. त्यांनी मला निवेदिकेच्या चाचणीसाठी बोलावलं. थंडगार स्टुडिओ, मेकअप करायला वेगळी बाई, कानात सूचना देणारं यंत्र. मुलाखत घ्यायला समोर एक बाई दिली होती. तिचा भाऊ नुकताच अपघातात गेला होता. ती धीरानं बोलत होती. कानात आवाज आला, शेवटचा फोन कधी झाला ते विचारा. मी तिच्या भावाला काय आवडायचं ते विचारलं. ती हसली आणि त्याच्या पतंगवेडाचं सांगायला लागली. कानात पुन्हा तोच आवाज, जरा चढलेला. मी पतंगांचंच विचारत राहिले.

कळवतो म्हणाले. कळवलं नाही. त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. काही दिवस मला कशातच गमत नव्हतं. नागपूरला जावं, मोठ्या पडद्यावर दिसावं, हे माझ्या मनात होतंच. मालकांना मी इतकंच सांगितलं की जमलं नाही. ते बिलं लावत होते, मान वर न करता म्हणाले, "कल दाँतों के डॉक्टर आ रहे हैं. टाइम पे आ जाना."

गेले. दातांचे डॉक्टर बोलके निघाले. अक्कलदाढेचं बोलणं संपायच्या आतच पहिली जाहिरात आली, आणि आमच्या बोलीत विचारलेल्या प्रश्नांना ते आमच्याच बोलीत उत्तरं देत राहिले.