गोबरगॅसचं इंजिन

गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपमध्ये मी इंजिनं दुरुस्त करतो. गोबरगॅसवर चालणारे छोटे जनरेटर खेड्यांत बसवायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. त्यातला एक धारवाडकडं, अळणावर गावाजवळच्या वाडीत, एका वयस्क नवराबायकोच्या गोठ्यामागं बसवला. मी त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायचो; ते मला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ.

अण्णांची फुप्फुसं निकामी होत आली होती. घरी ऑक्सिजनचं यंत्र होतं, पण ते विजेवर चालणारं. वाडीची तार जंगलातून येते. झाड पडलं की दोन-दोन दिवस वीज नाही. गॅसची टाकी आणि चार म्हशी घरच्याच होत्या. इंजिन पहिल्यांदा सुरू होऊन यंत्र घरघरायला लागलं, तेव्हा अण्णांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही.

या गॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा एक वायू असतो. तो इंजिन आतून खातो. तो अडवायला वाटेतल्या पाइपात लोखंडाचा गंजवलेला, तांबूस कीस भरतात, लेथवर निघतो तो. कीस काळा पडला की बदलायचा. हे सगळं मी खाटेवर बसलेल्या अण्णांना नीट समजावलं. अक्का शेणाची पाटी घेऊन दारात थांबल्या होत्या. मी त्यांना म्हणालो, "अक्का, जरा चहा टाका की."

आठ महिन्यांनी एका सकाळी अक्कांचा फोन आला. "तम्मा, कालपासून लाईट नाही, आणि आता इंजिनपण गप झालंय. लवकर ये."

मी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी अण्णांना टेम्पोतून धारवाडला नेलं होतं. अक्काही सोबत गेल्या होत्या. मी एकट्यानं इंजिन उघडलं. तेल डांबरासारखं झालेलं, दांड्याभोवतीचे पितळी बुश गॅसनं खाऊन टाकलेले. पाइपात मी भरलेलाच कीस होता, कोळशासारखा.

चौथ्या दिवशी अण्णा हॉस्पिटलमध्ये वारले. फुप्फुसांत काही उरलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या वाक्याच्या आडोशाला उभं राहणं मला जमलं नाही.

तेरावं झाल्यावर मी वाडीवर गेलो आणि इंजिन कशानं बंद पडलं ते अक्कांना सांगितलं.

"कीस बदलायचा, हे तू कुणाला सांगितलेलंस?"

"अण्णांना."

"त्यांना खाटेवरून उठता येत होतं काय? शेण मी कालवायची, गॅस मी सोडायची, इंजिनाची दोरी मी ओढायची. मला सांगितलं असतंस तर बदलला असता की."

त्यांचा आवाज चढला नव्हता.

"आता दाखव," त्या म्हणाल्या.

पाइप उघडून त्यांनी स्वतः काळा कीस बाहेर काढला आणि अंगणात पसरला. थोड्या वेळानं बोट लावून दचकल्या. "हे तापतंय रे."

"वारा लागला की तापतं. पाणी शिंपडा. पुन्हा तांबूस होईल, मग परत भरता येतो."

दुपारपर्यंत त्या कीस खालीवर करत बसल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवायला मात्र वाढलं.

इंजिन मी नवे बुश घालून चालू केलं. आता त्यावर शेजारच्या दोन घरांतही दिवे लागतात. ऑक्सिजनचं यंत्र अक्कांनी अळणावरातल्या एका आजारी बाईला देऊन टाकलं.

हल्ली नव्या घरी गेलो की मी आधी विचारतो, गोठ्यात रोज कोण जातं? पुरुष एकमेकांकडे बघतात. मग आतून कुणीतरी पदराला हात पुसत बाहेर येतं.