कमलकाकूंची गाणी आणि हरवलेले रिस्टोअर पॉइंट

जुनी वस्तू घरात टिकली की तिच्याभोवती किस्से जमायला लागतात. आमच्या अमरावतीच्या घरातला कॉम्प्युटर तर इतका जुना आहे, की त्याच्या किश्श्यांना आता वेगळी खोली बांधावी लागेल! परवा महिला मंडळात मी सहज एक सांगितला, तर चहा थंड झाला तरी कोणी उठेना. म्हटलं, लिहूनच काढावेत.

आधी घरची ओळख. मी बारावीपर्यंत शिकले. लग्नानंतर मराठी टायपिंग शिकले आणि घरबसल्या गल्लीतल्या लोकांचे बायोडाटा, पत्रिका, भजनं टाइप करून देते. आमचे हे विजेच्या ऑफिसातून रिटायर झालेत. घरात सासूबाई आहेत. आणि माझा धाकटा भाऊ बंडू अकोल्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. आमचा कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला आणि तेव्हापासून बिचारा पस्तावतो आहे.

समोरच्या कमलकाकू हळदीची गाणी स्वतः रचतात आणि स्वतः गातात. त्यांच्याशिवाय आमच्या गल्लीत कोणाला हळद लागत नाही. त्यांच्याकडून ऐकून मी सगळी गाणी टाइप करून ठेवली होती. पुढे काकू मोठ्या आजारातून उठल्या आणि निम्मी गाणी विसरल्या. त्यातच नातीचं, पल्लवीचं लग्न ठरलं.

"मले आता याद नाही राहत वं सुमन," काकू म्हणाल्या. "सारे तुह्या मशीनमंदी हायेत ना? मंग पुस्तक छापून दे. साऱ्या गावाच्या पोरीइले मी हळद लावली, माह्याच पल्लवीची हळद मुकी नको जाऊ देऊ."

मी शब्द दिला. आणि त्याच आठवड्यात यांनी कॉम्प्युटरवर फुकटचं पंचांग उतरवलं! मुहूर्त छान दिसायला लागले, पण माझा मराठी टायपिंगचा प्रोग्राम उघडेना. गाण्यांची फाइल दुसरीकडे उघडून पाहिली, तर नुसते चौकोन. काकूंची सगळी गाणी चौकोनात कोंडलेली!

* * *

बंडूला फोन लावला.

"घाबरू नको ताई. सिस्टिम रिस्टोअर उघड."

कॉम्प्युटर ठणठणीत असताना अधूनमधून आपल्या आतल्या मांडणीची खूण करून ठेवतो, तिला रिस्टोअर पॉइंट म्हणतात. काही बिघडलं की त्या खुणेपर्यंत मागे जायचं. आपल्या फाइली आहेत तशाच राहतात, प्रोग्राम मात्र पहिल्यासारखे होतात. हे मला बंडूने फोनवर समजावलं, तेही समोर गिऱ्हाईक उभं असताना.

"आता तारखाइची यादी दिसन. पंचांगाच्या आधीची धर."

"यादीच नाही रे. एकही रिस्टोअर पॉइंट नाही, असं म्हणतो."

"असं कसं? मी सोता चालू करून गेलो होतो!"

"मग तूच येऊन विचार त्याला!"

* * *

सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. मशीन मागच्या तारखेवर जाते, एवढं त्यांनी बरोबर पकडलं. फोन ठेवल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सुमन, लोनच्याच्या बरनीत काल माह्या हातून ओला चमचा गेला."

"बरं मग?"

"तेवढं परवावर नेता येते का?"

मी म्हटलं, आई, यात लोणचं येत नाही. त्या निराश झाल्या. "मंग एवढ्या मोठ्या डब्याचा फायदा काय!"

* * *

दुसऱ्या दिवशी बंडूने फोनवरून तपासणी लावली. पॉइंट बनवायची सोय चालू होती. "मंग डिस्क भरली असन," तो म्हणाला. "जागा संपली की तो जुने पॉइंट सोताच पुसून टाकते. काही काढ त्याच्यातलं."

सगळ्यात मोठी फाइल निघाली यांच्या सेमाडोहच्या जंगलातल्या सहलीची. जिप्सीत बसून यांनी वाघाचं शूटिंग केलेलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं सागवान!

"यात वाघ कुठे आहे?" मी विचारलं.

"वाघ नाही. पण यायचा संभव आहे."

"व्हिडिओत?"

"अगं, पानं कशी हलून राहिली पाहा! गाईडसुद्धा चूप बसला होता."

बंडू फोनवर ऐकत होता. "भाऊजी, तो वाघ आता म्हातारा झाला असन. पुसा!"

शेवटी व्हिडिओ पेनड्राइव्हवर गेला. डिस्क मोकळी झाली. बंडूने माझ्याकडून एक रिस्टोअर पॉइंट हाताने बनवून घेतला, टिकतो का ते पाहायला. नाव द्या असं आलं. मी 'कमलकाकू' असं नाव दिलं.

सकाळी उठून पाहते तर कमलकाकू गायब!

* * *

मला खरंच रडू यायचं बाकी होतं. हळद जवळ आली होती. काकू रोज दारातून विचारत, "निंगाले का वं गाणे?" आणि मी म्हणे, "निघताहेत, काकू."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला. मी अंगण झाडून आत आले, तर हे कॉम्प्युटरपुढे बसलेले. पडद्यावर झाडूचं चित्र असलेला एक प्रोग्राम चालू होता आणि हे एकेका चौकटीत टिचक्या देत होते. मी मागे उभी राहिले. टेम्पररी फाइली, टिचक. रिसायकल बिन, टिचक. ओल्ड रिस्टोअर पॉइंट्स, टिचक!

"अहो! हे काय करून राहिले?"

"साफसफाई. दिवेलागणीच्या आत घरातला कचरा निघाला पाहिजे ना? तू अंगण झाडते, मी हे झाडतो. रोजचं आहे माझं. पंचांगाच्या आधीपासून!"

मी तिथेच खुर्ची ओढून बसले आणि बंडूला फोन करून तो यांच्या हातात दिला. पलीकडून आवाज इतका मोठा येत होता की स्पीकर लावावा लागला नाही.

"भाऊजी, ते पॉइंट काहून पुसले?"

"जुने आहेत असं त्याच्यापुढं लिहून होतं."

"जुनेच तं पाह्यजेत त्याच्यात! नवीन घेऊन मांगं कसं जाता येईन?"

हे म्हणाले, "मग त्यानं जुने असं लिहायचं नाही. मौल्यवान लिहायचं!"

* * *

मागे जायची वाट यांनी रोज संध्याकाळी झाडून टाकलेली. आता उपाय एकच, मूळ सीडीवरून टायपिंगचा प्रोग्राम पुन्हा टाकायचा. ती सीडी काही सापडेना. कपाट झालं, माळा झाला, गाद्यांच्या घड्या उलगडून झाल्या.

रविवारी बंडू स्वतःच आला. "अकोल्यापासून उभा आलो," असं म्हणत मागच्या अंगणात हातपाय धुवायला गेला आणि तिथूनच ओरडला, "ताई! हे काय टांगलं पेरूवर?"

पेरूच्या झाडाला दोऱ्याने बांधलेली सीडी उन्हात चमचम करत फिरत होती.

सासूबाई म्हणाल्या, "पोपट येत नाही त्याच्यानं. ते कपाटात पडून होतं, कोनाच्या कामाचं नव्हतं."

बंडूने ती सोडवली, साबणाने धुतली, शर्टाला पुसली. कॉम्प्युटरमध्ये घातल्यावर पिठाच्या गिरणीसारखा आवाज आला. बऱ्याच वेळाने घरघर थांबली आणि पडद्यावर माझा प्रोग्राम आला. फाइल उघडली. चौकोन गेले आणि काकूंच्या पहिल्या गाण्याची पहिली ओळ दिसली! माझे डोळे भरून आले.

सासूबाई मात्र दारातच उभ्या होत्या. "सारं बरं झालं. पन माह्या पेरूचं काय?"

बंडूने बॅगेतून अँटीव्हायरसची एक जुनी सीडी काढून त्यांच्या हातात ठेवली. "हे लावा मावशी. याच्यानं पोपट तं येतच नाही, रोगही येत नाही झाडाले!"

* * *

पुस्तक छापून झालं. हळदीच्या दिवशी मांडवात प्रत्येक बाईच्या हातात एक एक दिलं. काकूंनी आपलं पुस्तक कपाळाला लावलं आणि मांडीवर ठेवून घेतलं. मुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या होत्या. त्यांच्यात नवरदेवाची आईही होती.

पल्लवीला पाटावर बसवलं आणि आम्ही सुरू केलं. इतक्या बायका एका सुरात, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. नवरदेवाच्या गाण्यापर्यंत आलो:

"ताडावानी नवरदेव, दारी मावंना गं बाई,
मांडवाचं तोरन त्याच्या डोक्याले लागे गं बाई!"

"थांबा!" काकूंनी हात वर केला. "चुकीचं गाऊन राहिल्या तुमी."

मी पुस्तक पुढे केलं. "काकू, तुम्ही सांगितलं होतं तसंच आहे. शब्द न् शब्द."

"सांगतलं असन. तवा पोरीचं जमलं नव्हतं." काकूंनी पदर खोचला, पुस्तक बाजूला ठेवलं आणि पाटाजवळ सरकल्या. "आता नवरदेव पाह्यला ना मी!"

आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच त्या खड्या आवाजात गायल्या:

"पाट आना, चौरंग आना, उभा करा गं बाई,
मांडवाचं तोरन त्याच्या हाताले लागंना गं बाई!"

मांडवात हसण्याचा असा कल्लोळ उठला की पल्लवीच्या गालावरची हळद तिच्याच हाताने पुसली गेली. आम्ही सगळ्या भीतभीत नवरदेवाच्या आईकडे पाहायला लागलो.

त्यांनी काकूंनी बाजूला ठेवलेलं पुस्तक उचललं, पान शोधलं, ती ओळ मनातल्या मनात वाचली आणि म्हणाल्या, "काकू, तुमचं छापलेलंच गाणं बरं आहे हो!"