झाकला गेलेला इशारा

नव्या गोणपाटाचा वास आला की भिवपुरीची ती दुपार आठवते. पडवीत आई भाताच्या गोणी शिवत होती, प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघत. मी डिव्हाइस फाइलींच्या, म्हणजे संगणकाला डिस्कसारखी उपकरणं ज्या फाइलींतून दिसतात त्यांच्या, माहितीचं पान सुधारून नुकतंच वेबसाइटवर चढवलं होतं. उघडून बघते तर 'या कमांडने अख्खी डिस्क पुसली जाईल' हा इशाराच गायब! पानाच्या कोडमध्ये मजकूर लपवणारी खूण, म्हणजे त्याआधीचा टॅग, मी बंद केला नव्हता, म्हणून ती ओळ झाकली गेली. कमांड मात्र ठळक दिसत होती. तेवढ्यात लाइट गेली, नेटही गेलं. माझ्या येरझारा बघून आई म्हणाली, "टेशनावर जा ना गं, तितं रेंज हाय." पळत जाऊन मोबाइलवरून टॅग बंद केला. पानाखाली एका वाचकाने आधीच लिहिलं होतं, 'सांगितलं तसं केलं, आभार. डिस्क रिकामी दिसतेय. आता पुढे काय?'