जबडा, डावा हात आणि कुर्डुवाडीचा डबा

मी मरणार हे सगळ्यात आधी शकूताईंना कळलं. मग ते मला कळलं आणि आमच्या ह्यांना तर दूध घेऊन घरी आल्यावर, म्हणजे सगळ्यात शेवटी.

भवानी पेठेतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये खाली पाण्याची टाकी आहे आणि टाकीला लागून कट्टा आहे. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. ते काही दिवसांआड येतं, आणि सांगितलेल्या वेळेला तर मुळीच येत नाही. त्यामुळे पाण्याचा दिवस असला की आम्ही तिघी संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्याची वाट बघतो. तिघी म्हणजे मी, तळमजल्यावर शिलाईकाम करणाऱ्या नसीमभाभी आणि मुलाच्या नोकरीमुळे सांगोल्याकडून इथे राहायला आलेल्या शकूताई. आमच्या गप्पांना विषय दोनच: कोणाला काय झालंय आणि आज काय केलंय. कोणाच्या तरी बायपासवरून आम्ही भरल्या वांग्यावर कधी येतो ते आमचं आम्हालाही कळत नाही.

आता मी मुळातली घाबरट. गोळीच्या पाकिटातला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते आणि त्यात लिहिलेलं सगळं मला गोळी घ्यायच्या आधीच होतं. अशा बाईने पाण्याच्या दिवशी त्या कट्ट्यावर बसूच नये. पण पाणी कोण भरणार?

तर त्या मे महिन्यात मी एका महत्त्वाच्या कामात होते. माझी लेक मुक्ता कुर्डुवाडीला असते, जावई रेल्वेत आहेत. तिला सातवा महिना लागला होता आणि एक दिवस तिचा फोन आला. "आई, मला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खावीशी वाटतेय गं. आणि चटणी मिक्सरची नको हं, कुटलेली पाहिजे."

पहिलटकरणीचे डोहाळे! मी लगेच माळ्यावरचं उखळ खाली काढायला लावलं. रोज सकाळी ज्वारीच्या पातळ भाकरी थापायच्या, तव्यावर मंद आचेवर पार पापडासारख्या कडक होईपर्यंत शेकायच्या आणि चवड रचून ठेवायची. भाकरी सादळली तर सासरी लेकीची नव्हे, आईची लाज जाते. म्हणून आदल्या दिवशीच्या चवडीतली एक भाकरी दुसऱ्या दिवशी चावून बघायची. (हाताने मोडून बघितलं तरी चालतं म्हणे. पण आमच्या माहेरी भाकरीची परीक्षा दातांनीच घेतात!) कट्ट आवाज आला तर चवड पास. मग दुपारी चटणी. मनासारखा डबा भरला तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला. जावई दुसऱ्या दिवशी डबा न्यायला येणार होते.

आणि त्याच संध्याकाळी पाण्याचा दिवस होता.

"माज्या चुलत जावंला अटॅक आला, कळलं का?" शकूताईंनी बसल्या बसल्या सुरुवात केली. "आन् छातीत कायबी दुखलं न्हाय बगा. निस्ता जबडा दुखला!"

माझा हात आपोआप जबड्याकडे गेला. परवापासून दुखत होता! इतका, की सकाळी जांभई अर्धीच दिली होती.

"हौ ना," नसीमभाभी म्हणाल्या. "औरतों का वैसाच रहता. मेरी फुफी का भी जबडाच दुख्या पयले. फिर बायाँ हात."

"डावा हात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. सकाळी वेणी घालायला डावा हात वर केला होता तो खांद्याशीच अडकला होता. शेवटी उजव्या हाताने कसाबसा अंबाडा बांधला होता.

"आन् घाम," शकूताई म्हणाल्या. "दरदरून घाम!"

मे महिना, सोलापूर आणि वीज गेलेली. तिघीही निथळत होतो. पण त्या क्षणापासून फक्त माझाच घाम मोजला जाऊ लागला.

"सुमन, तुजा घाम गार हाय का गरम?" शकूताईंनी डोळे बारीक करून विचारलं.

"या उन्हाळ्यात गार घाम कुठून आणू हो?"

"मग घाबरल्यावर गार हुईल की!"

आणि तो झाला हो! पाठीवरून असा काही ओघळला, की मी पदराने तोंड पुसून सांगूनच टाकलं, "शकूताई, माझा जबडा दुखतोय. डावा हातही दुखतोय."

दोघी एकदम उभ्या राहिल्या. तेवढ्यात आमचे हे दुधाची पिशवी घेऊन फाटकातून आत आले.

"भाऊ, हिला अटॅक आलाय!" शकूताई ओरडल्या.

"कधी?"

"आत्ता येतोय!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, "मग दूध तापवून घेऊ का आधी?"

मला भयंकर राग आला. पण हे धावत वर गेले आणि माझा दवाखान्याचा टॉवेल, पाण्याची बाटली घेऊन तसेच धावत खाली आले, तेव्हा एका पायात त्यांची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात माझी. हे बघून माझा राग गेला आणि भीती दुप्पट झाली. हा माणूस कधी घाबरत नाही. तोच घाबरला म्हणजे संपलंच की!

खरं सांगते, मला मरायचं नव्हतं. एरवी आपण म्हणतो, झालं की आता, काय राहिलंय. पण मुक्ताचं बाळंतपण राहिलं होतं. डिंकाचे लाडू कोण करणार? बाळाला पायावर घेऊन अंघोळ कोण घालणार? तिची सासू चांगली आहे, पण तिला मूल पायावर घ्यायची भीती वाटते. माझ्या डोळ्यांसमोर ते न पाहिलेलं बाळ आलं आणि मला रडू फुटलं.

"मुक्ताला कळवू नका," मी म्हटलं. "सातवा महिना आहे. आणि वरून तो डबा आणा."

"कसला डबा?"

"कुर्डुवाडीचा! मी राहिले नाही तर या धावपळीत तो डबा इथेच राहील. माझ्याबरोबर असू दे. जावई येतील तेव्हा मी असेन तिथून नेतील!"

हे पुन्हा वर धावले. रिक्षा आली. आम्ही चौघं कोंबून बसलो, मांडीवर डबा. रिक्षा सुरू झाली आणि त्याच क्षणी पाठीमागे नळाला खळ्ळकन पाणी आलं.

दोघी मैत्रिणींनी मागे वळून पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पाण्याकडे. उन्हाळ्यात सोलापूरच्या बाईच्या मनात अशा वेळी काय चालतं ते मला माहीत आहे. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी आजही स्वतःला विचारत नाही. पण नसीमभाभींनी एक सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, "जाने दे. चलो भैया."

रिक्षात शकूताईंनी माझा (उजवा) हात हातात घेतला.

"सुमन, देव करो आन् तुला काय न हुवो. पर तुज्या चटणीत लसूण किती असतो, तेवढं सांगून ठेव की."

"हौ," नसीमभाभी म्हणाल्या, "और वांग्याच्या मसाल्यात क्या डालती सो भी बोल दे."

मी हुंदके देत सगळं सांगितलं. लसूण सांगितला, तिखट सांगितलं, तीळ सांगितले. पण मरणाच्या दारातही जिरं सांगितलं नाही!

पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे लटकत बसलेले हे एकदम मागे वळले. डोळ्यांत पाणी. "अगं, चहाची पावडर कुठे असते?"

"साखरेशेजारी."

"आणि साखर?"

एवढ्या वर्षांचा संसार! माझा जबडा आणखी दुखू लागला.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, मूळचे कोकणातले, नुकतेच सोलापुरात आलेले. त्यांनी मला झोपवून विचारलं, "काय होतंय, काकू?"

"जबडा, डावा हात, आन् घाम," शकूताईंनी सांगितलं.

"तुम्ही नाही, त्यांना बोलू दे. काकू, चक्कर येते का?"

"आयेंगी," नसीमभाभी म्हणाल्या.

डॉक्टरांनी दोघींना बाकावर बसवलं. मला तारा चिकटवल्या, यंत्रातून कागद निघाला. डॉक्टर तो कागद बघत होते आणि मी त्यांचा चेहरा बघत होते. त्या वेळात मी देवाला जे जे कबूल केलं त्यातलं निम्मं अजून फेडायचं आहे.

"ईसीजी चांगला आहे," डॉक्टर म्हणाले.

"मशिन बंद-बिंद पडलंय का बगा की," शकूताई बाकावरून म्हणाल्या.

डॉक्टरही कोड्यात पडले होते. लक्षणं तर वाईट, म्हणून त्यांनी रक्त काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत मला तिथेच बसवून ठेवलं. म्हणजे धोका आहेच, असं मी धरलं. शेवटी तोही रिपोर्ट चांगला आला.

"मग हे दुखतंय कशानं? पडलात का कुठे? हाताला ताण पडेल असं काही काम केलंत?"

"छे हो!" मी म्हटलं. "घरीच तर असते. मला कसलं आलंय काम?"

हे मी अगदी मनापासून सांगितलं. दिवसभर घरात राबूनसुद्धा आम्ही बायका हे असंच सांगतो, शपथेवर सांगतो!

डॉक्टरांचं लक्ष माझ्या मांडीवरच्या डब्याकडे गेलं. "यात काय, जुने रिपोर्ट?"

"भाकरी आहेत. कडक. लेकीसाठी," मी म्हटलं, आणि जीव जात असला तरी सवय जात नाही, म्हणून पुढे म्हटलंच, "घ्या ना एक. दमलेले दिसता."

डॉक्टर नको नको म्हणत होते. पण रात्र व्हायला आली होती, पोरगं भुकेलेलं होतं. त्यांनी एक तुकडा तोंडात घालून दाबून चावला.

कट्ट!

तो आवाज ऐकून माझं मन भरून आलं. चवड पास! पण डॉक्टरांनी गालावर हात ठेवला, डोळे मिटले आणि तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. दाढेची कॅप होती.

आम्ही सगळे त्या तळहातावर वाकलो.

"काकू," डॉक्टर तोंडाच्या एका बाजूने म्हणाले, "हे तुम्ही रोज खाता?"

"खात नाही हो. तपासते. प्रत्येक चवडीतली एक."

"आमटीत कुस्करून?"

"छे! ओली केली तर कडकपणा कसा कळणार?"

"आणि ही चटणी?"

"कुटलेली! उखळात," नसीमभाभी अभिमानाने म्हणाल्या. "पूरी बिल्डिंग हिलती दुपारको."

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "कोणत्या हाताने कुटता?"

मी डावखुरी आहे. सासूबाईंनी पहिली काही वर्षं त्यावरून बोलून घेतलं होतं, मग त्यांनीही सोडून दिलं. सगळे माझ्या डाव्या हाताकडे बघू लागले. मी तो पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं: हाताला विश्रांती, जबड्याला शेक, मऊ भात, कडक भाकरी पूर्ण बंद. चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि गालावर हात ठेवून स्वतः वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे निघून गेले.

बाहेर आल्यावर ह्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. मीही मग त्यांची बाही धरून जरा रडले. जिवंत असल्याचं इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

घरी आलो तर नळ कोरडा. "जीव राह्यला, पानी गेलं," शकूताई म्हणाल्या. पुढचं पाणी येईपर्यंत आम्ही तिघींनी शेजाऱ्यांकडून कळशी कळशी मागून आणली, पण दोघींनी मला एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. उलट शकूताईंकडून रोज मऊ भात यायचा आणि नसीमभाभींकडून पातळ खिचडी. (त्या खिचडीत काय घालतात ते मी विचारलं. सांगितलं नाही!)

जावई डबा घेऊन गेले. आठवडाभराने मुक्ताचा फोन आला.

"आई, काय भाकरी झाल्यात गं! सादळल्या नाहीत मुळीच. मी तर येता-जाता नुसत्याच खातेय. फक्त जबडा जरा दुखतोय बघ."

आता माझा ईसीजी झाला होता, रक्त तपासून झालं होतं. डॉक्टरांची कॅप मी या डोळ्यांनी पाहिली होती. आठवडाभर मऊ भात खात होते. माझ्या जागी दुसरं कोणीही असतं तर हसलं असतं.

मी फोन तसाच हातात धरून स्वयंपाकघराकडे ओरडले, "अहो, रिक्षा बोलवा, कुर्डुवाडीला जायचंय! आणि त्या डॉक्टरांनाही बरोबर घ्या. त्यांना हा आजार होऊन गेलाय!"