खांद्यावरचा हात

झेंडूच्या हाराचा वास आला की शिरूरमधली माझी भाड्याची खोली आठवते. रांजणगावच्या कंपनीतून परतल्यावर बोलायला कुणी नसायचं, म्हणून मी कॅमेरा घेतला आणि मोबाइलवर बघून एडिटिंग शिकू लागलो. खाली राहणाऱ्या घरमालक आप्पांची बायको वारली, तेव्हा हार घालायला काकूंचा वेगळा असा फोटोच सापडेना. एका लग्नात दोघं शेजारी उभी होती, तोच फोटो आप्पांनी माझ्याकडे दिला. मी आप्पांना कापलं, काकूंच्या खांद्यावरचा त्यांचा हात पुसला आणि तिथं पदराचा काठ बेमालूम जुळवला. इतकं स्वच्छ काम मला पहिल्यांदाच जमलं होतं. आप्पांनी फोटो डोळ्यांजवळ धरून बघितला. "आन् माझा हात कुठं गेला?" "काढला, आप्पा. नुसताच हात बरा दिसत नव्हता." "राहू दे तेवढा. चारचौघांत तिच्या खांद्यावर हात तवाच ठिवला व्हता, पुन्हा कवा धीर झाला न्हाई." मी हात परत आणला. दहाव्याला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, हा हात कुणाचा? आप्पांनी हातावर आलेला हार तेवढा बाजूला सारला. आता माझा हात एडिटिंगवर चांगला बसलाय, लोक कामंही देतात. माझे स्वतःचे फोटो मात्र मी अजून टायमर लावूनच काढतो.