मोतीबिंदूनंतरची गोड पुस्तकं

गेल्या महिन्यात मी सात गोड पुस्तकं वाचली, आणि तीही मोठ्यानं. माझ्यासारख्या बाईवर ही पाळी यावी! चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, आसेगावपासून सुरुवात करून चार गावं फिरले, मंगरूळपीरला घर बांधलं आणि निवृत्तीच्या दिवशी ठरवलं की आता फक्त आपल्या आवडीचं वाचायचं. माझ्या आवडीचं म्हणजे ज्यात माणसं नीट भांडतात असं. पण समोरच्या घरातल्या मैत्रिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि माझं वाचन तिच्या ताब्यात गेलं.

ही मैत्रीण घरी साड्यांना फॉल-पिको करते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू वाशीमला काढला, डावा अजून पिकायचा होता, म्हणजे दोन्हीकडून अंधुकच. मुलगा पुण्याहून आला, दोन दिवस राहिला आणि औषधांचा तक्ता फ्रिजवर चिकटवून गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं: वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, मोबाईल नाही, आणि रडायचं तर अजिबात नाही. थेंब टाकायचं काम मी घेतलं. सोबत वाचायचं कामही गळ्यात पडलं.

तिला एक मुलगीही आहे. ती रिसोडला असते. वाशीमला बस बदलली की रिसोड, काही विलायत नाही. पण चार वर्षं मायलेकींचं बोलणं नाही. मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, मुलगा बौद्ध घरातला, चांगल्या नोकरीत, सरळ स्वभावाचा. लग्न करून दोघं पाया पडायला आले, तर मैत्रिणीनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "तू मले मेली." सगळी गल्ली बघत होती. मीही माझ्या ओट्यावर उभी होते. जातीपातीवर मी शाळेत वर्षानुवर्षं भाषणं केली आहेत, मुलांकडून पाठ करून घेतली आहेत. त्या दिवशी मी आत जाऊन कुकर लावला.

तर पुस्तकं. मैत्रिणीची मागणी एकच होती, "डोक्याले ताप नको." आमच्या सार्वजनिक वाचनालयात अशा पुस्तकांचं आता वेगळं कपाटच झालंय. मुखपृष्ठावर एक खिडकी, खिडकीत कप, कपातून वाफ. आत कोणी ना कोणी राजीनामा देतं. बाप्पा, किती राजीनामे! शहरातली चांगली पगाराची नोकरी तिसऱ्या पानावर सोडायची आणि कोकणात जाऊन खानावळ काढायची. प्रॉव्हिडंट फंडाचा एक शब्द नाही. मी नोकरीत असताना मला साधी बदली रद्द करून घ्यायला तीन वर्षं लागली, आणि ही बाई दीड प्रकरणात खानावळीचा परवाना काढून मोकळी. परत गावातला एकही माणूस उधार जेवत नाही.

या पुस्तकांत बस वेळेवर येते. म्हातारी माणसं खडूस असतात, पण शंभराव्या पानापर्यंतच, पुढे ती विरघळतात. कोणाला गुडघेदुखी नाही. पाहुणे आले तर कोणीच मनात चरफडत नाही. आणि जेवणाची वर्णनं तर एवढी की वाचता वाचता मला दोनदा उठून घरून चिवडा आणावा लागला. प्रत्येक प्रकरण संपलं की मी पुस्तक मांडीवर आपटून विचारायची, "असं कुठं होतं का गं?" ती काळ्या चष्म्याआडून म्हणायची, "होत नसन. पण आयकाले बरं वाटते. तू वाच ना वं, मास्तरीणबाई."

मी वाचत राहिले. अडचण दुसरीच निघाली. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी खानावळीपुढे सगळं गाव आपापली ताटं घेऊन उभं राहतं. मी ते नाक मुरडत वाचत होते, आणि वर बघते तर हिच्या चष्म्याखालून धार लागलेली! मी घाबरले. नुकतेच टाकलेले थेंब वाहून गेले. ही बाई एरवी रडत नाही हो. टीव्हीवर कितीही वाईट बातमी लागली तरी "व माय" म्हणते आणि भाकर थापत राहते. दुःखानं तिच्या डोळ्यांत पाणी येत नाही, गोडानं येतं. दुसऱ्या पुस्तकालाही तेच झालं.

मग मी काय करावं? दुसरीनं पुस्तकच बंद केलं असतं. मी तिसऱ्या पुस्तकापासून शेवट बदलायला लागले. डॉक्टरांचा हुकूम होता ना! आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा येत होती. एका पुस्तकात एक मोकाट कुत्रं सगळ्या सोसायटीला एकत्र आणतं. मी त्याला सेक्रेटरीच्या पोटरीला चावायला लावलं आणि सोसायटीत दोन तट पाडले. चौथ्या पुस्तकातल्या पोस्टमनला पत्रं वाटता वाटता प्रेम सापडतं, त्याची मी आदल्या दिवशी बदली केली. डोळे कोरडेठाक! वर ती खुशीत म्हणाली, "हे बरं लिवलं वं. कोणाचं आहे पुस्तक?" त्या रात्री मला चांगली झोप लागली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लिखाणाला कोणी चांगलं म्हटलं होतं, लेखक म्हणून नाव दुसऱ्याचं लागलं तरी चालेल.

सातवं पुस्तक मायलेकीचं होतं. रुसून दूर गेलेली मुलगी आणि एकटी आई. भांडण कशावरून, तर एक पत्र मिळालंच नाही यावरून. एवढंच! एवढ्या जाड पुस्तकात एकाही माणसाला आडनाव नाही. कोणी कोणाचं आडनाव विचारत नाही, कोणी कोणत्या मोहल्ल्यात राहतं ते विचारत नाही, लग्न म्हटलं की फक्त फुलांचा रंग ठरवायचा राहिलेला असतो. मी चिडून म्हटलं, "यांचं बरं आहे, यांना जातच नाही." ती काही बोलली नाही. मला वाटलं डुलकी लागली असेल. मधे एकदा म्हणाली, "हळू वाच." एकदा म्हणाली, "थे मागचं पान पुन्हा वाच." माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण मी पुढचा शेवट मनात रचत होते.

शेवटच्या प्रकरणात आई मुलीच्या आवडीच्या पुरणपोळ्या डब्यात भरून तिच्या गावी जाते. बेल वाजवायला हात उचलते, तेवढ्यात दार उघडतं आणि मुलगी मिठी मारते. मी वर पाहिलं. मैत्रिणीची हनुवटी आत्ताच थरथरत होती. मी पुस्तक डोळ्यांपुढे धरलं आणि स्वतःचं सुरू केलं. मुलीनं साखळी न काढता फटीतून बघितलं. म्हणाली, "तुम्ही चुकीच्या घरी आलात." दार लागलं. आई बसस्टँडवर आली, बाकावर बसून एकटीनं पुरणपोळ्या खाल्ल्या, नळावर डबा धुतला आणि शेवटच्या गाडीनं परत गेली. समाप्त.

नळावर डबा धुतला, यावर मी बेहद्द खूश होते.

तिचे डोळे कोरडे. मग म्हणाली, "बरं झालं आयकलं. मी सोमवारी फोन लावणार होती पोट्टीले. डोळ्याचं झाल्यापासून सारखं तेच डोक्यात चालू होतं. आता नाही लावत. कायले तोंडघशी पडा?"

चार वर्षांत लेकीसाठी तिच्या तोंडून "पोट्टी" हा शब्द निघाला नव्हता. तो निघाला आणि मी तिथंच त्याला फाटकाबाहेर काढून दिलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, पण मला लाज वाटली. थेंब टाकले, घरी आले, ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं.

सकाळी उठून सरळ तिच्याकडे गेले. म्हटलं, "कालचा शेवट मी बनवला होता. खरा वेगळा आहे. तू रडू नये म्हणून मी बदलला."

ती हसली. "बाप्पा! आता मले बरं वाटाव म्हणून नवा शेवट आणला व्हय?"

"अवं, छापलेला आहे! हे बघ!" मी पुस्तक तिच्या नाकापुढे धरलं. काय बघणार होती ती? मी खरं प्रकरण वाचायला घेतलं. एरवी असलं वाचताना माझ्या आवाजात आंबटपणा यायचा. त्या सकाळी मी एकेक शब्द मनापासून वाचला, पुरणपोळीसकट. बेल वाजायच्या आधी दार उघडलं तिथं तिनं हातानं थांबवलं.

"बेल वाजाच्या आधी दार उघडते म्हणे! पोट्टी काय दिवसभर दारामागंच उभी होती का? असं कुठी होते का वं?"

हे माझंच वाक्य. महिनाभर मी तिला ते शिकवलं होतं. माझ्या सगळ्या नोकरीत एवढं पक्कं कोणी काही शिकलं नसेल.

"आईची आन," मी म्हटलं, "हाच खरा शेवट आहे."

"कालचा खरा वाटते," ती म्हणाली. "थे बाई नळावर डबा धुते ना, थे खरं आहे. असं मनानं कोणी लिवू शकत नाही."

आता बोला! मी पुस्तक मिटलं. रडकुंडीला आले होते आणि रडायची मनाई मला नव्हती, म्हणून थोडं रडूनही घेतलं. तिला ते ऐकू आलं असणार. ती चाचपडत पलंगाच्या कडेला सरकली.

"पुस्तक राहू दे तिकडं," ती म्हणाली. "तुले काय वाटते, ते सांग. दार उघडन का थे मले?"

कादंबरीतल्या प्रत्येक बाईनं काय करायला हवं होतं ते मी महिनाभर सांगत आले होते. या बाईबद्दल मला काही सांगता येईना. म्हटलं, "मला नाही माहीत." मग चार वर्षं ठेवून दिलेलं सांगून टाकलं. "तू तिला तसं बोललीस तेव्हा मी ओट्यावर उभी होते. मी तुझा हात धरायला पाहिजे होता. मी आत निघून गेले."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. "मी तुयाच तोंडाकडं पाहून राह्यली होती. वाटलं, ही तरी काही म्हणन."

मी पदरानं डोळे पुसले.

"लाव फोन," ती म्हणाली.

तिच्या मोबाईलमध्ये मुलीचा नंबर नव्हता. कधीच काढून टाकला होता. पण तिनं दहाही आकडे न अडखळता सांगितले. मी लावले, स्पीकर चालू केला आणि फोन तिच्या मांडीवर ठेवला. तीन रिंग झाल्या. चौथीला आवाज आला, "कोण?"

"मी."

पलीकडं भांडी घासायचा आवाज येत होता, तो थांबला. नळ बंद झाला. मग मुलगी जी सुटली, ती सुटली. चार वर्षं झाली, मेली का जिवंत आहे विचारलं नाहीस. बाळंतपणात सासूनं रात्रंदिवस केलं, जिच्या हातचं पाणी तुले चालत नव्हतं तिनं केलं. तुया नातू दोन वर्षांचा झाला, त्याले आजी म्हणजे एकच माहीत आहे. शब्द न शब्द खरा होता. मी उठून जायला लागले, तर हिनं माझा पदर धरून खाली बसवलं.

"दे शिव्या," ती फोनकडं तोंड करून म्हणाली. "दे, जेवढ्या द्याच्या तेवढ्या. फक्त फोन ठेवू नको."

मुलीनं ठेवला नाही. रागावणं चालूच राहिलं. हिच्या चष्म्याखालून पाणी गळत होतं आणि मी गालावरचं पुसत होते, डॉक्टरांचं नाव न काढता. मिठी नाही, पुरणपोळी नाही, "ये" असं कोणी कोणाला म्हटलं नाही. मधेच मुलगी दमली, नाक ओढलं आणि थोडं खालच्या आवाजात विचारलं, "मग आज काहून लावला? कोणी सांगितलं तुले? काकूनं सांगितलं का?"

काकू म्हणजे मी. सावरून बसले.

"कोणी नाही सांगितलं वं," ती म्हणाली. "राह्यवलं नाही."