आपोआप

बायकोच्या तोंडावर मास्क आहे आणि उशाशी श्वासाचं यंत्र. त्यावरचा ऑक्सिजनचा आकडा कुणी हात न लावता उतरला. ती खोकली, तसा पुन्हा चढला.

"त्यांना लागेल तसं ते आपोआप कमी-जास्त होतं, काका," सिस्टर म्हणाली. "तुम्ही घरी जाऊन झोपा बघू."

तरी बराच वेळ मी यंत्राकडे बघत बसलो. झोप न मोडता हवं-नको पाहणारं असं कुणीतरी आपल्याही उशाशी असावं, असं वाटून गेलं. थोडा हेवाच वाटला.

घरी येऊन झोपलो. पहाटे थंडीने जाग आली. पंखा पाचवरच होता. एरवी मी उठेपर्यंत तो दोनवर आलेला असायचा. मला वाटायचं, आपोआपच.